मिरास आणि वारसा : मराठवाड्यातील सत्तेच्या परिभाषेची चिकित्सा

१

मराठीत ‘मिरास’ आणि ‘वारसा’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही अरबीतून, फारसीच्या वाटेने, आपल्याकडे आले. आणि दोहोंचा धातू एकच आहे. मृताच्या संपत्तीवर अधिकार प्राप्त होणे ह्या अर्थाच्या एका त्रिव्यंजनी धातूपासून अरबीत ज्याला अधिकार मिळतो त्याचे नाव आणि जे मिळते त्याचे नाव, अशी दोन्ही रूपे सिद्ध होतात. त्या धातूतील अंत्य व्यंजनाचा फारसी उच्चारात ‘स’ झाला व मराठीने तोच स्वीकारला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता ही दोन सख्खी भावंडे होत.

परंतु आजच्या मराठीत त्यांचे नशीब सारखे नाही. ‘मिरासदारी’ हा शब्द कोणी उच्चारला की तो दोषारोप ठरतो. ‘अमुक खात्यात तमुकांची मिरासदारी आहे’ ह्या वाक्याचा गौरवपर अर्थ लावणे अशक्य आहे. उलट ‘वारसा’ हा शब्द सभेत, स्मरणिकेत, श्रद्धांजलीत आणि पुतळ्याच्या चौथऱ्यावर सन्मानाने मिरवतो. वडिलांचे पद मुलाकडे गेले, ही घटना एकच असते. विरोधक तिला मिरासदारी म्हणतो आणि अनुयायी वारसा म्हणतो. भेद घटनेत नसून बोलणाऱ्याच्या भूमिकेत आहे.

एमिल बेन्वेनिस्त ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंडो-युरोपीय समाजांच्या संस्थांचा शोध त्या संस्थांच्या शब्दांतून घेतला. राजा, पाहुणा, देणे, ऋण ह्या शब्दांचा इतिहास म्हणजे त्या त्या संबंधांचा इतिहास, हे त्याचे गृहीतकृत्य होते. हीच पद्धती, बऱ्याच लहान क्षेत्रात, नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांच्या राजकीय परिभाषेला लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वंशपरंपरेने आलेली संपत्ती राजकीय सत्तेला कसा आकार देते, आणि ती ज्यांना लाभते त्यांची स्वतःकडे व इतरांकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा व राज्यशास्त्राचा आहे, हे मान्यच आहे. तथापि, ह्या दोन शास्त्रांना जे हिशेबाच्या वहीत सापडत नाही, ते कधीकधी शब्दांत सापडते. येथे कोणा व्यक्तीच्या सचोटीची वा कर्तृत्वाची परीक्षा अभिप्रेत नाही. नावे येतील ती सार्वजनिक इतिहासातील म्हणूनच येतील.

२

मिरास हा मूळचा निंदावाचक शब्द नव्हे. जुन्या गावगाड्यात मिरासदार म्हणजे ज्याचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा आहे असा शेतकरी. त्याच्या विरुद्ध उभा असे तो ‘उपरी’, म्हणजे बाहेरून येऊन मुदतीने जमीन कसणारा. मिरासदाराला गावच्या कारभारात स्थान होते, उपऱ्याला नव्हते. ही जोडी संपली असे आपण समजतो. परंतु निवडणुकीच्या दिवसांत ‘उपरा उमेदवार नको’ ही घोषणा ऐकावी. मिरासदार हा शब्द त्या वाक्यात उच्चारला जात नाही. पण उपरा म्हटले की त्याच्या समोर मिरासदार अध्याहृत असतोच.

मिरासीहून व्यापक असा शब्द ‘वतन’. अरबीत त्याचा अर्थ जन्मभूमी, स्वदेश असा आहे आणि उर्दूत आजही तोच आहे. नांदेडसारख्या ज्या शहरात मराठी व उर्दू शेजारी शेजारी नांदतात, तेथे एकच शब्द एका भाषेत मातृभूमी ह्या अर्थी आणि दुसऱ्या भाषेत पिढीजाद अधिकार ह्या अर्थी वापरला जातो. मराठीने स्वदेशाच्या शब्दाला घराण्याच्या हक्काचा अर्थ दिला, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

वतनाची तीन अंगे होती : काम, उत्पन्न आणि मान. देशमुखाने परगण्याचा वसूल गोळा करावा, हे काम. त्याबद्दल त्याला हक्क, इनामे मिळावीत, हे उत्पन्न. सणासमारंभात त्याचा विडा, त्याचे पान पहिले असावे, हा मान. ही तिन्ही अंगे एकत्र वंशपरंपरेने जात, वाटली जात, गहाण पडत आणि विकलीही जात. सरकारी पद ही घराची मालमत्ता होती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांबद्दल जी सावधगिरी सुचविली आहे, तिच्यात त्यांना राज्याचे ‘दायाद’ म्हटले आहे. दायाद म्हणजे दायाचा, वडिलोपार्जित धनाचा, वाटेकरी. राज्य ही वाटणीयोग्य वस्तू आहे असे मानणारा वर्ग, हे वतनदारांचे इतके नेमके लक्षण क्वचितच कोणी केले असेल.

निजामी राजवटीत ह्या तीन अंगांची फाटाफूट झाली. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी करून वसुलाचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे सोपविले. देशमुख-देशपांड्यांचे काम गेले. त्याच्या मोबदल्यात त्यांना ‘रुसूम’ मिळू लागला. येथे प्रथमच कामावाचून उत्पन्न आणि उत्पन्नाबरोबर मान, अशी स्थिती निर्माण झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाल्यावर दुसरी फाटाफूट झाली. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५० साली कुळकायदा आला. १९५४ च्या कायद्याने इनामे व रोख नेमणुका रद्द ठरल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली, आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली. कायद्याच्या भाषेत वतन मृत झाले.

मग राहिले काय? कमाल मर्यादेनंतरही राहिलेली बरी जमीन, हैदराबादेत किंवा पुण्यात शिकून आलेली एखादी पिढी, तालुक्याच्या गावी असलेली ओळख, पंचक्रोशीत नाव घेतल्यावर वळणारी मान, आणि त्या मानेला ‘मालक’ म्हणण्याची सवय. वतनाच्या तीन अंगांपैकी काम व उत्पन्न कायद्याने काढून घेतले. मान काढून घेण्याचा कायदा करता येत नाही. शिलकी भांडवल राहिले ते हे.

३

ह्याच सुमारास नवी पदे निर्माण होत होती. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या त्या १९६२ साली. ह्या नव्या पदांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या हाती जे धन होते ते कोणाच्याच मालकीचे नव्हते. सहकारी साखर कारखान्याचे भांडवल ऊस उत्पादकांचे भाग, शासनाचा वाटा आणि बँकांची कर्जे ह्यांतून उभे राहते. तेथे तत्त्व एक सभासद, एक मत असे असते. शंभर एकरांचा धनी आणि दोन एकरांचा धनी तेथे कागदोपत्री सारखे. जुन्या व्यवस्थेत पद हे घरचे धन होते. नव्या व्यवस्थेत सर्वांचे धन एका पदाच्या हाती आले. ते पद कोणाकडे जाणार, ह्या प्रश्नावर पुढची साठ वर्षे उभी आहेत.

लातूर आणि नांदेड ह्या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे देऊन शेवटी एकाच ठिकाणी येतात. म्हणूनच ही जोडी अभ्यासनीय आहे.

लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याच्या राजकारणात ज्यांचे नाव सर्वांत मोठे झाले ते विलासराव देशमुख बाभळगावच्या देशमुख घराण्यातले. त्या गावातील ह्या घराण्याच्या वास्तूला लोक ‘गढी’ म्हणतात. गावच्या सरपंचपदापासून आरंभ करून ते १९८० साली विधानसभेत गेले आणि १९९९ ते २००३ व २००४ ते २००८ असे दोनदा मुख्यमंत्री झाले. येथे जुन्या मानाचे नव्या पदात रूपांतर सरळ रेषेत झालेले दिसते. ह्या रूपांतराला कर्तृत्वाची जोड होती, हेही नमूद केले पाहिजे. मांजरा सहकारी साखर कारखान्याचा चांगल्या कारभाराबद्दलचा लौकिक सर्वश्रुत आहे.

नांदेडची गोष्ट निराळी. शंकरराव चव्हाण १९२० साली पैठण येथे जन्मले. शिक्षणाने वकील, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते आणि शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेलेले हे नेतृत्व गढीतून आलेले नव्हते. १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८ असे दोनदा ते मुख्यमंत्री झाले. वतनाशिवाय सत्ता मिळविता येते, ह्याचे ते उदाहरण होते. परंतु १९८६ साली ते मुख्यमंत्री झाल्यावर रिकाम्या झालेल्या नांदेडच्या लोकसभेच्या जागेवर १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण निवडून आले. पुढे २००८ ते २०१० ह्या काळात तेही मुख्यमंत्री झाले. पिता आणि पुत्र दोघेही मुख्यमंत्री झाल्याचे महाराष्ट्रातील हे एकमेव उदाहरण होय. भोकर मतदारसंघात २००९ साली अशोक चव्हाण, २०१४ साली त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण, २०१९ साली पुन्हा अशोक चव्हाण आणि २०२४ साली कन्या श्रीजया चव्हाण निवडून आल्या. शेवटच्या दोन निवडणुकांच्या दरम्यान पक्ष बदलला होता. घर तेच राहिले.

एका ठिकाणी पहिल्या पिढीकडे वतनी मान होता, दुसऱ्या ठिकाणी तो नव्हता. दुसऱ्या पिढीपर्यंत हा भेद पुसला गेला. ह्यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जुनी जमीनदारी हे आजच्या घराणेशाहीचे एक मूळ असेल, पण एकमेव कारण नव्हे. सार्वजनिक धनावरील नियंत्रण हीच आता वंशपरंपरेने जाणारी संपत्ती झाली आहे, आणि ती एकाच पिढीत निर्माणही होऊ शकते.

तोमा पिकेती ह्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’विषयक ग्रंथात वारशाने आलेल्या संपत्तीचे महत्त्व पुन्हा कसे वाढत आहे, हे करांच्या व वारसानोंदीच्या दप्तरांवरून दाखविले. आपल्याकडे ही रीत अपुरी पडते. भारतात मृत्यूनंतर हस्तांतरित होणाऱ्या संपत्तीवर १९५३ साली बसविलेला कर १९८५ साली रद्द झाला, हे एक कारण आहेच. पण कर असता तरी तो कशावर बसणार? कारखान्याचे अध्यक्षपद, शिक्षणसंस्थेवरील नियंत्रण, उमेदवारी मिळण्याची शक्यता ह्यांपैकी काहीही मालमत्ता ह्या संज्ञेत बसत नाही. ह्या संपत्तीचे वाटणीपत्र होत नाही, मूल्यांकन होत नाही, सात-बाऱ्यावर नोंद होत नाही. तिची नोंद फक्त भाषेत होते.

ही नोंद सर्वांत ठळक दिसते ती विशेषनामांत. लातूरचा एक सहकारी कारखाना ‘विलास’ नावाचा आहे. नांदेडचा एक सहकारी कारखाना शंकररावांच्या वडिलांच्या, भाऊराव चव्हाणांच्या, नावाचा आहे. दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना अनुक्रमे विलासराव देशमुख आणि शंकरराव चव्हाण ह्यांची नावे आहेत. थोर माणसांची नावे संस्थांना देणे ही सर्वत्र रूढ असलेली गोष्ट आहे आणि ती अनुचित नाही. तथापि, ज्याचे आडनाव रुग्णालयाच्या पाटीवर आहे असा उमेदवार आणि ज्याचे आडनाव केवळ मतदारयादीत आहे असा उमेदवार ह्यांची स्पर्धा समान पातळीवरून सुरू होत नाही. सर्वांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वस्तूवर एका कुळाचे नाव आले की ते नाव आपोआप प्रचार करीत राहते.

४

आता दृष्टिकोनाचा विचार करू. सत्ताधारी घराण्यांची स्वतःविषयीची समजूत पाहावयाची तर गौरवग्रंथ, स्मरणिका आणि वाढदिवसाच्या पुरवण्या ह्यांचे गद्य वाचावे. ह्या वाङ्मयप्रकाराकडे आपल्या समीक्षेने तुच्छतेने पाहिले, ही चूकच झाली. त्याची वाक्ये ठराविक असतात, आणि ठराविक असतात म्हणूनच ती पुरावा म्हणून मोलाची आहेत.

‘राजकारणाचे बाळकडू घरातच मिळाले’ हे वाक्य घ्या. बाळकडू म्हणजे तान्ह्या मुलाला निरोगी राहावे म्हणून पाजलेले कडू औषध. वस्तुतः जे मिळाले ते काय होते? दूरध्वनीवर ओळखीचा आवाज, तयार कार्यकर्ते, निवडणुकीचा खर्च झेपण्याची ऐपत, अधिकाऱ्यांच्या दालनात थेट प्रवेश. ह्यांत कडू असे काहीच नाही. पण ह्या रूपकाने लाभाचे रूपांतर संस्काराशी, किंबहुना सोसण्याशी केले. जे धन म्हणून मिळाले ते गुण म्हणून सांगितले गेले. पिएर बुर्द्यू ह्याने सांस्कृतिक भांडवलाची चर्चा करताना हेच मर्म सांगितले की, वारशाने मिळालेली अनुकूलता अंगभूत गुणवत्तेच्या रूपात वावरते. मराठीने तो विचार एका शब्दात साठवून ठेवला आहे.

दुसरा नमुना ‘देणे’ ह्या क्रियापदाचा. ‘साहेबांनी गावाला रस्ता दिला’, ‘साहेबांनी पाणी दिले’. आपल्या व्याकरणपरंपरेतील कारकविचार ह्या वाक्याला लावून पाहावा. ‘साहेब’ हा कर्ता, ‘रस्ता’ हे कर्म, ‘गाव’ हे संप्रदान. एक कारक येथे गैरहजर आहे, ते अपादान. रस्ता कोठून आला? शासनाच्या तिजोरीतून, म्हणजे ज्यांना तो ‘दिला’ त्यांनीच भरलेल्या करांतून. अपादान उच्चारले तर वाक्य कोसळते, कारण मग संप्रदान आणि अपादान एकच ठरतात आणि कर्ता केवळ मध्यस्थ उरतो. वतनदाराच्या काळी वसूल वर जाई आणि कृपा खाली येई. आजच्या वाक्यातही कृपाच खाली येते. वसुलाचा उल्लेख गाळलेला असतो. हे वाक्य नेता उच्चारत नाही, बहुधा गावकरीच उच्चारतात, ही गोष्ट अधिक विचारात घेण्यासारखी आहे. वरच्या वर्गाचा दृष्टिकोन खालच्या वर्गाच्या व्याकरणात उतरला म्हणजे तो स्थिर होतो.

तिसरा नमुना संबोधनांचा. वडील ‘साहेब’ असतील तर मुलगा ‘दादा’ किंवा ‘भैया’, मुलगी ‘ताई’. ज्याने वडिलांबरोबर तीस वर्षे सतरंज्या उचलल्या असा साठीचा कार्यकर्ता पंचविशीच्या मुलाला ‘दादा’ म्हणतो व आदरार्थी अनेकवचन वापरतो. नात्याचे शब्द आले की वयाचा क्रम पाळला जातो, हा मराठी घराचा नियम. तो येथे उलटा होतो, आणि कोणालाही खटकत नाही. निवडणूक पुढे केव्हातरी व्हायची असते, पण व्याकरणाने अभिषेक आधीच केलेला असतो.

ह्या समजुतीला जुन्या धर्मशास्त्राचा आधार आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ लातूरच्या शेजारीच, आजच्या बिदर जिल्ह्यातील कल्याण येथे, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत लिहिली गेली. पित्याच्या हयातीतच, केवळ जन्मामुळे, पुत्राला वडिलोपार्जित धनात हक्क प्राप्त होतो, असे तिचे मत. पुत्रपौत्रांना मिळणारा तो अप्रतिबंध दाय; पुत्राच्या अभावी भाऊ, चुलते इत्यादींना मिळणारा तो सप्रतिबंध दाय. आजच्या उमेदवारीचा क्रम लावताना, आधी अपत्य, नंतर पत्नी, भाऊ, पुतण्या, हीच विभागणी अजाणता पाळली जाते की काय, असे वाटावे.

पण तीच ‘मिताक्षरा’ एक दुसरी कसोटीही देते आणि ती ह्या वर्गाला गैरसोयीची आहे. स्वतः मिळविलेले म्हणून वेगळे काढता येते ते कोणते धन? पितृद्रव्याला धक्का न लावता मिळविलेले. कुटुंबाच्या खर्चाने शिकून जे मिळविले तेदेखील पुढील न्यायव्यवहारात समाईक धरले गेले, आणि ती अडचण दूर करण्यासाठी १९३० साली विद्यार्जित धनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ही कसोटी राजकारणाला लावली तर ‘मी स्वकर्तृत्वावर उभा आहे’ असे म्हणण्याचा अधिकार फारच थोड्या वारसदारांना उरेल. ज्या शास्त्राच्या छायेत जन्मसिद्ध हक्क मागितला जातो, त्याच शास्त्राने स्वार्जिताची सीमा इतकी काटेकोर आखली आहे. हक्क घ्यावयाचा जन्माने आणि श्रेय घ्यावयाचे कर्तृत्वाने, ही सवलत ‘मिताक्षरा’ देत नाही.

५

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. वतन राजाने दिलेले होते. आमदारकी मतदार देतात. लोकांनी निवडले असता वंशाचा प्रश्न येतोच कोठे?

आक्षेप दुर्लक्षणीय नाही. मतदारांनी ह्या दोन्ही जिल्ह्यांत घराण्यांना नाकारलेही आहे. १९८९ साली नांदेडात अशोक चव्हाण पराभूत झाले, २०१९ साली पुन्हा झाले. १९९५ साली लातुरात विलासराव देशमुख पराभूत झाले. २०२४ साली लातूर ग्रामीणमध्ये त्यांचे चिरंजीव धीरज देशमुख पराभूत झाले. वतन मतदानाने जात नसे, हे जाते. हा फरक लहान नव्हे, आणि लोकशाहीने मिळवून दिलेला तो खरा लाभ आहे.

तरीही निवडीचे मोल कशावरून ठरते, हा प्रश्न उरतोच. सोस्यूरने भाषेविषयी सांगितलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. शब्दाचे मूल्य तो एकटा असताना ठरत नाही. त्याच्या जागी दुसरे कोणते शब्द येऊ शकले असते, ह्यावरून ते ठरते. मताचेही तसेच आहे. २०२४ साली लातूर शहर मतदारसंघात मुख्य लढत झाली ती विलासरावांचे पुत्र अमित देशमुख आणि १९८० ते २००४ पर्यंत लोकसभेत लातूरचे प्रतिनिधित्व केलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांच्या स्नुषा अर्चना पाटील ह्यांच्यात. त्याच वर्षी नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण ह्यांच्या निधनामुळे झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. निलंग्यात २००४ साली माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर ह्यांचा पराभव केला तो त्यांचेच नातू संभाजी पाटील ह्यांनी. २०१४ व २०१९ साली तेथे पुतण्या आणि चुलता समोरासमोर उभे होते. जुन्या महजरांत एका वतनावर दोन भाऊबंद दावा सांगत आणि गोतसभा निवाडा देई. तेथे वतन असावे की नसावे हा प्रश्न नसे. ते कोणाचे, एवढाच असे. येथे गोतसभेच्या जागी मतदार आला आहे. त्याचा निवाडा स्वतंत्र असतो, पण त्याच्यापुढे आलेला दावा बहुधा भाऊबंदकीचाच असतो.

पर्यायांची ही यादी किती आखूड होऊ शकते, हे २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये दिसले. तेथे विजयी उमेदवाराच्या खालोखाल, साडेसत्तावीस हजार, मते पडली ती ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ह्या पर्यायाला. जिच्या जागी दुसरी येऊच शकत नाही अशा शब्दयोजनेला भाषाशास्त्रज्ञ निवड म्हणत नाही.

६

वंशपरंपरेने केवळ संपत्ती जाते असे नाही, दास्यही जाते. वतनाच्या ह्या दुसऱ्या बाजूकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्ष वेधले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी मांडलेले विधेयक महार वतनाच्या सुधारणेचे होते. सरकारी काम बारा महिने, मोबदला नाममात्र, आणि ते सोडण्याची मोकळीक नाही, अशी ती मिरास होती. देशमुखी आणि महारकी ही एकाच संस्थेची दोन टोके होती. म्हणून एका टोकाचा ‘वारसा’ म्हणून गौरव करताना दुसऱ्या टोकाचे काय झाले, हे विचारणे अप्रस्तुत नव्हे. ज्यांच्या आजोबांना मान नव्हता त्यांच्या नातवाकडे शिलकी भांडवलही नसते. लातूरचा लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. यादी मोठी करण्याचा तो एक घटनात्मक उपाय आहे. परंतु कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था ह्यांच्या अध्यक्षपदाला असा कोणताही उपाय पोचलेला नाही.

ह्याच भूमीने वारशाचा निराळा अर्थही पाहिला आहे. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करून, नांदेडच्या शिक्षणकार्याचा पाया घालून ते गेले, तेव्हा त्यांच्या पदावर जन्माने हक्क सांगणारे कोणी नव्हते. त्यांचा वारसा सांगावयाचा तर काम करूनच सांगावा लागतो. त्याहून जुने उदाहरण १७०८ सालचे. शिखांची गुरुगद्दी चौथ्या गुरूंनंतर एकाच सोढी कुळात चालत आली होती. दहावे गुरू गोविंदसिंग ह्यांनी नांदेड मुक्कामी ती कोणा व्यक्तीला न देता ग्रंथाला दिली. ह्या घटनेची त्रिशताब्दी २००८ साली नांदेडने मोठ्या प्रमाणावर साजरी केली. धर्माच्या क्षेत्रातील निर्णय राजकारणाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. परंतु गादी व्यक्तीच्या वंशातून काढून सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवता येते, ही कल्पना आमच्याकडे बाहेरून आणावी लागत नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. लोकशाहीत असे वाचता येणारे ठिकाण म्हणजे संस्थेची घटना, सभासदांची यादी आणि हिशेबाची वही.

सारांश असा. मराठवाड्यातील वारशाने जाणारी संपत्ती आज जमिनीपेक्षा सार्वजनिक धनावरील ताब्याच्या रूपात अधिक आहे. ती मालमत्ता नसल्यामुळे कायद्याला व करखात्याला दिसत नाही, आणि मिरासीचे ‘वारसा’ असे नामांतर झाल्यामुळे आपल्यालाही दिसत नाही. ह्या नामांतराचा इतिहास अजून लिहिलेला नाही. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, कार्यक्रमपत्रिका आणि कोनशिला ह्यांतील मजकूर दशकवार जमवावा. ‘वारसा’, ‘बाळकडू’, ‘देणे’, ‘उपरा’ हे शब्द राजकीय अर्थाने केव्हापासून व कोणाविषयी वापरले जाऊ लागले, ह्याची सूची करावी. दोन-तीन प्रबंधांच्या तोडीचे हे काम आहे. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही, आणि ते झाले तर ‘साहेबांनी दिले’ ह्या वाक्यातील गाळलेले अपादान निदान आपण तरी भरून वाचू लागू.